लहान मुलं घरात असताना व्यायामाचा वेळ कसा काढायचा: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

बाळ झाल्यावर व्यायाम सुरू करणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी बूट येतात, मग मॅट, मग जिमचे वर्षाचे पैसे भरून होतात, आणि त्यानंतर वेळेचा शोध सुरू होतो. तोवर मॅटवर कोणीतरी खडूने गाय काढलेली असते.

माझ्या घरी सध्या चार वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा आहे. मुलीच्या वेळी मी तीनदा व्यायाम सुरू केला आणि तिन्ही वेळा सुटला. मुलाच्या वेळी क्रम बदलला: आधी शरीर, मग मूल कोणाकडे राहणार ते, मग वेळ, आणि कोणता व्यायाम हे सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. तिसरा टप्पा सगळे गाळतात, आणि गाडी तिथेच अडते.

हे पाच वर्षांच्या आतली मुलं असलेल्या आईबाबांसाठी आहे. बाळंतपणाचा भाग सोडला तर बाकी सगळं बाबांनाही जसंच्या तसं लागू.

## १. आधी शरीर तपासून घ्या

नॉर्मल डिलिव्हरीनंतर हळूहळू चालणं काही दिवसांतच सुरू करता येतं. सिझेरियन ही पोटाची शस्त्रक्रिया आहे. तिथे सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत चालणं, श्वासाचे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे हलके व्यायाम, एवढंच. आणि तेही डॉक्टरांना विचारून. धावणं, दोरीवरच्या उड्या, झुंबा हे कुठल्याही बाळंतपणानंतर निदान बारा आठवडे नको. बारा आठवडे झाले म्हणजे मुभा मिळाली असंही नाही. शिंकताना लघवीचे थेंब जात असतील, किंवा खाली काहीतरी जड उतरल्यासारखं वाटत असेल, तर उड्या अजून लांब आहेत. 'दोन मुलं झाल्यावर असं होतंच गं' हे ऐकून गप्प बसू नका. फिजिओथेरपीने यात बऱ्याच जणींना फरक पडतो.

पोटाचे स्नायू मधोमध फाकले आहेत का, ते घरी बघता येतं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं आणि खांदे किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून खाच लागते का पाहा. दोन बोटांहून जास्त मावत असतील, किंवा उठताना पोटाच्या मधोमध डोंगरासारखा उंचवटा येत असेल, तर सिट-अप्स बंद आणि आधी फिजिओथेरपिस्ट. सव्वा महिना बांधलेला पोटपट्टा पाठीला आधार देतो, पण ती फट तो भरत नाही.

हिमोग्लोबिनही बघून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. माझं ९.४ होतं, आणि दोन महिने मी स्वतःला आळशी म्हणत होते.

थांबा: छातीत दुखणं, चक्कर, कमी झालेला रक्तस्राव पुन्हा वाढणं, एकाच पोटरीत दुखणं किंवा सूज. यातलं काहीही झालं तर व्यायाम तिथेच सोडून डॉक्टरांकडे.

## २. आठ दिवसांची वही

साधी वही, नाहीतर फ्रिजवर चिकटवलेला कागद. तीनच गोष्टी लिहायच्या: मूल कधी झोपलं-उठलं, घरात दुसरं मोठं माणूस कधी होतं, आणि तुम्ही बसलेल्या कधी होता. काही सुधारायला जाऊ नका, नुसतं लिहा. शनिवार-रविवार त्यात आलाच पाहिजे, कारण सुट्टीच्या दिवशी घराचं वेळापत्रक पार वेगळं असतं.

आठ दिवसांनी वही वाचताना वेळेचे तीन ढीग करा. पक्का वेळ: दुसरं मोठं माणूस घरात आहे आणि मोकळं आहे. उसना वेळ: मूल झोपलेलं आहे, पण कधीही उठू शकतं. फुटकळ वेळ: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, स्कूलव्हॅन येईपर्यंत, असली पाच-दहा मिनिटं.

नेहमीची चूक अशी, की सगळी योजना उसन्या वेळावर उभी राहते. 'तो दुपारी झोपला की करीन.' बाळ साधारण वर्ष-सव्वा वर्षापर्यंत दिवसा दोनदा झोपतं, मग त्याची एकच झोप उरते, आणि हा बदल होतो त्या तीन-चार आठवड्यांत कशाचाच भरवसा नसतो. शिवाय रात्री तीनदा उठलेल्या आईने बाळ दुपारी झोपल्यावर झोपावं. त्या वेळेवर पहिला हक्क झोपेचाच आहे.

तपासा: वहीत पक्का वेळ शून्य निघाला? मग तो 'सापडणार' नाही. तो तयार करावा लागेल, आणि ते काम पुढच्या टप्प्याचं.

## ३. मूल कोणाकडे, हे ठरवून घ्या

आमच्याकडे पूर्वी हे असं चालायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, "अरे, जरा बघतोस का यांच्याकडे, मी पटकन खाली चालून येते." तो म्हणायचा, "हो, जा ना." मी चपला घालेपर्यंत मागून यायचं, "हिचा तो निळा डबा कुठाय?" जिन्यात फोन: "शी केलीय, नवे डायपर कुठे ठेवलेत?" आठव्या मिनिटाला मी परत घरात. यात तो वाईट वागत नव्हता. मी त्याला मुलं सोपवलीच नव्हती, नुसती लक्ष ठेवायला दिली होती.

सोपवणं म्हणजे वार, वेळ आणि काम, तिन्ही बोलून ठरवणं. शेवटी रविवारी दुपारी चहा घेताना मी म्हटलं, "मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सहा पाच ते साडेसहा. दोघंही तुझ्याकडे. उठली तर दूध, शी-शू, रडणं सगळं तुझं. मी दार लावून आत असले तरी घरात नाही असं समज." तो म्हणाला, "आणि माझं क्रिकेट?" रास्त प्रश्न होता. रविवारी सात ते नऊ त्याचे, तेव्हा दोघं माझ्याकडे. ही अदलाबदल बोलून ठरवली नाही तर महिन्याभरात कुरबुर सुरू होते. एकाचाच व्यायाम चालू राहिला की दुसरा त्याला 'चैन' म्हणायला लागतो.

सोपवताना पाळायचे नियम थोडे आहेत, पण सोडायचे नाहीत.

डायपर, पुसायची फडकी, एक कपड्यांचा जोड आणि खाऊ एका टोपलीत, ठरलेल्या जागी. 'कुठाय' हा प्रश्नच उरला नाही पाहिजे.

आत गेल्यावर मूल रडलं तर बाहेर यायचं नाही. पहिले चार-पाच दिवस हे जड जातं. चौदा महिन्यांचं पोर दार बडवतं आणि आपल्याला आतून फक्त त्याच्या तळव्यांचा आवाज येतो. पण बाहेर आलात की मूल एक गोष्ट शिकतं: पुरेसं बडवलं की आई येते. बाबाही तेच शिकतो.

परत आल्यावर त्याच्या पद्धतीत चुका काढायच्या नाहीत. मुलीच्या अंगात उलटा फ्रॉक होता तर होता.

सासूबाई किंवा आई घरी असतील तर त्यांना गृहीत धरू नका. मांडीवर घेण्याएवढं बाळ सांभाळणं आणि पळत्या पोरामागे धावणं यांत फरक आहे, आणि त्यांचे गुडघे त्यांचेच आहेत. "आई, मंगळवारी सकाळी अर्धा तास हिला गोष्ट सांगाल का? छोट्याला मी यांच्याकडे देते," असं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं.

नवरा परगावी, आईवडील दुसऱ्या शहरात, असं असेल तर दोन रस्ते. एक, सोसायटीतल्या दुसऱ्या आईशी अदलाबदल: एक दिवस तिची पोरं तुमच्याकडे, एक दिवस तुमची तिच्याकडे. मुलं तीनच्या पुढची असली की हे सोपं जातं. दुसरा, पाळणाघराचा अर्धा तास वाढवून घेणं. जिमच्या फीपेक्षा हे पैसे आधी काढून ठेवा. नोकरी करत असाल आणि कचेरीत ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील, तर २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. ती आहे का, ते विचारा. बाळ तिथेच असेल तर जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं चालायला मिळू शकतात.

तपासा: समोरच्याला विचारा, "मंगळवारी सहा पाचला काय आहे?" त्याला न अडखळता सांगता आलं तरच पुढे चला.

## ४. आठवड्याला दोन पक्क्या वेळा, एक राखीव

रोज नको. दोन वार पक्के आणि एक राखीव, पक्क्यातला एखादा बुडाला तर वापरायचा. सात दिवस ठरवणाऱ्याचा तिसऱ्या दिवशी एक बुडतो, आणि मग सगळंच बुडतं.

सकाळ की संध्याकाळ? बाळ रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठत असेल तर पहाटे पाचचा गजर लावू नका. अर्धवट झोपेवर रेटलेला व्यायाम आठ-दहा दिवस टिकतो, नंतर चिडचिड आणि सर्दी. ते महिने संध्याकाळी करा. पण आमच्यासारखं डोंबिवलीहून लोकलने जाणं-येणं असेल तर संध्याकाळचं गणित गाडीच्या हातात जातं, म्हणून आम्ही मुलगा रात्री सलग झोपायला लागेपर्यंत शनिवार-रविवारवरच भागवलं. तेही चालतं. दूध पाजत असाल तर पाजून झाल्यावर व्यायाम करा. छाती हलकी असते आणि बाळही निवांत असतं. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही; पाणी मात्र जास्त प्या.

## ५. आदल्या रात्रीची तयारी

सकाळचे मोजके क्षण वाया जातात ते कपडे शोधण्यात, आणि मूल जागं होतं तेही त्याच खुडबुडीने. आमच्याकडे कोणत्या आवाजाला कोण उठतं ते मी मोजलं होतं. मिक्सरला कोणी उठत नाही. मुलगी उठायची बुटांच्या वेल्क्रोच्या 'खर्र'ला. मुलगा उठायचा गादी हलली की.

म्हणून रात्री झोपायच्या आधी:

- व्यायामाचे कपडे बाथरूममध्ये टांगून. कपाटाचं दार सकाळी उघडायचंच नाही.
- बूट दाराबाहेर, नाहीतर लेसचे.
- मॅट आधीच उलगडून बाहेरच्या खोलीत.
- दाराच्या कडीला दोन थेंब तेल. हसू नका, करून बघा.
- गजर फक्त थरथरणारा, फोन उशीखाली.
- डब्याची भाजी चिरून, कणीक भिजवून फ्रिजमध्ये. ओटा आवरलेला नसेल तर पाय आपोआप तिकडेच वळतात.
- बाळाच्या कडेला झोपत असाल तर जागा बदला. बाळाशेजारी जो थांबणार आहे त्याने रात्रीपासूनच तिथे झोपायचं.

इशारा: उठून गेल्यावर आपल्या जागी उशी किंवा लोड लावून ठेवायची सवय घराघरात आहे. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ सैल उशा, दुलया ठेवू नका. तोंडावर आल्या तर श्वास कोंडतो. आणि पालथं पडायला लागलेल्या मुलाला उंच पलंगावर एकटं सोडून उठू नका. खाली गादी घाला.

## ६. आता व्यायाम ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत, ही जुनी अट त्यात उरलेली नाही. म्हणजे सात मिनिटं जिने चढलात तर तीही मोजायची. मध्यम श्रम ओळखायची खूण: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

दोन पक्क्या वेळा ताकदीला द्या आणि चालणं फुटकळ वेळात ढकला. बहुतेक जण उलटं करतात. मिळालेला अर्धा तास चालण्यात घालवतात, आणि ताकदीचा व्यायाम कधीच होत नाही. दिवसातून वीस वेळा अकरा किलोचं पोर उचलणाऱ्या पाठीला ताकदच लागते.

पंचवीस मिनिटांचा आराखडा असा. पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि खांदे-कंबर मोकळी करणं. मग खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून पुश-अप, दहा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, बारा. एका हाताने पाच लिटरचा पाण्याचा कॅन कमरेपर्यंत ओढणं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा. हे सगळं तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर थांबून. शेवटी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: लघवी रोखताना आवळतो तसं आवळून पाच सेकंद धरायचं आणि पूर्ण सोडायचं, दहा वेळा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हे करू नका.

सूर्यनमस्कार जमत असतील तर उत्तम, पण बाळंतपणानंतर एकदम बारा नकोत. दोनापासून चढत जा. सिझेरियनचा टाका ओढला जातोय असं वाटलं तर भुजंगासनाची स्थिती गाळा.

इशारा: दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर सकाळी सहाला जंपिंग जॅक नकोत. खालच्या काकांनी आम्हाला हे अतिशय सभ्य शब्दांत सांगितलं होतं, एकदाच.

## ७. मुलांसकट व्यायाम: फुटकळ वेळ

इंटरनेटवर बाळाला उचलून स्क्वॉट मारणारी आई दिसते. बाळ मान धरायला लागल्यावर, त्याला छातीशी घट्ट धरून, चार-पाच वेळा हे ठीक. सवय लावायची म्हणून नको: त्याने मध्येच पाठीकडे झोकून दिलं की तोल आणि कंबर दोन्ही जातात. बाळाला कडेवर किंवा कॅरिअरमध्ये घेऊन धावणं तर अजिबातच नको.

चालायला न्यायचं तर प्रॅम म्हणाल, आणि आमच्या भागातले फूटपाथ म्हणतील नको. सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारा, किंवा बागेत मुलं घसरगुंडीवर असताना तिच्याभोवती चाला. बाकावर बसलात की वीस मिनिटं गेलीच. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्याबरोबर पकडापकडी खेळलात तर दोघांचंही होतं. कानात इअरफोन मात्र घालू नका.

डाळ-भाताचा कुकर लावल्यापासून वाफ जिरेपर्यंत वीसेक मिनिटं असतात. पहिली शिट्टी होईपर्यंत ओट्याला हात टेकून टाचा वर उचला, मग एका पायावर उभं राहून तोल धरा, मग पोळपाट-लाटणं काढा. चालतं पोर पायात असेल तर गॅसजवळ काही नको. दाराशी उभं राहा, आत येऊ देऊ नका.

इशारा: घरी ट्रेडमिल असेल तर वापर नसताना प्लग काढून ठेवा आणि चालू असताना मूल त्या खोलीत नको. पट्ट्यात बोटं सापडतात. डंबेल जमिनीवर ठेवायचे नाहीत. टेबलावर तर मुळीच नाहीत.

## ८. आठवडा बिघडला तर

बिघडणारच. दीड वर्षाच्या डोसनंतरचा ताप, पोळ्यांच्या मावशी गावाला, घरी गणपती, पाळणाघराला सुट्टी. यासाठी आधीच सात मिनिटांची फाटकी आवृत्ती ठरवून ठेवा: वरच्या आराखड्यातली एक फेरी, बस्स. पायजम्यावर केली तरी चालेल.

बुडालेला दिवस पुढच्या दिवशी दुप्पट करून भरायचा नाही. दुखापती तिथेच होतात. स्वतःला ताप असेल तर पूर्ण विश्रांती, आणि ताप उतरल्यावर दोन दिवसांनी फाटक्या आवृत्तीपासून परत सुरुवात. दोन आठवडे सलग बुडाले, तर व्यायामात बदल करत बसू नका; तिसऱ्या टप्प्यावर जा आणि सोपवण्याची बोलणी पुन्हा करा. माझ्या बाबतीत दर वेळी घोडं तिथेच अडलेलं निघालं. एकदा त्याची शिफ्ट बदलली होती आणि आम्ही दोघंही 'बघू' म्हणत राहिलो होतो.

## ९. सहा आठवड्यांनी पाहणी

वजनकाटा बाजूला ठेवा. चार प्रश्न पुरेत. बाराच्या बारा पक्क्या वेळांपैकी किती झाल्या? आठ झाल्या असतील तर आराखडा चालू ठेवा आणि खुर्चीवरून उठणं दहावरून बारावर न्या. पाचपेक्षा कमी झाल्या असतील तर वेळ चुकली आहे. चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता चढता येतं का? पोर उचलताना कंबर पूर्वीइतकीच धरते का? आणि सोपवलेल्या वेळात मुलं आता कोणाला हाका मारतात?

आमच्याकडे सहाव्या आठवड्यात मुलगा सकाळी उठून थेट बाबाकडे दूध मागायला जायला लागला. त्याच महिन्यात त्याची सकाळची झोप सुटली, मुलीची शाळा पाऊण तासाने अलीकडे आली, आणि सहा पाचची वेळ गेली ती गेलीच. आता मंगळवार-गुरुवार रात्री सव्वानऊ. दर सहा आठवड्यांनी हे असं काहीतरी हलतं, म्हणून कॅलेंडरवर पुढच्या पाहणीच्या तारखेला आत्ताच गोल करून ठेवा, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.